सातपुड्याचें पाणी आणि रानाची हद्द

(नभोवाणीवरील भाषण)

भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडून उत्तरेच्या कांठावर आली कीं सावदा, निंभोरा, रावेर हीं स्टेशनें एकामागून एक येऊं लागतात. उजव्या हातास तापीकडे उतरत गेलेली काळी जमीन, डाव्या हातास थोड्याच कोसांवर सातपुड्याची निळसर रांग, आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत जिकडे पाहावें तिकडे केळीच्या बागा. ह्या तीन स्टेशनांचीं नांवें उत्तर हिंदुस्थानांतील फळबाजारांत चांगलीं परिचित आहेत. कारण दिल्लीकडे जाणारीं केळीं वर्षानुवर्षें ह्याच फलाटांवरून वाघिणींत भरलीं गेलीं. २०१६ सालीं जळगांवच्या केळ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. प्रवाशाच्या दृष्टीनें येथें गोष्ट संपते. बागा हिरव्या, डोंगर निळा, आणि फलाटावर केळीं स्वस्त.

परंतु हिशेब मांडूं लागलें कीं हाच हिरवेपणा कोड्यांत टाकतो. ह्या बाजूस पाऊस वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पडतो. केळीच्या झाडास लावणीपासून घड हातीं येईपर्यंत सुमारें १,८०० ते २,००० मिलिमीटर पाणी लागतें असें शेतकीचे जाणकार सांगतात. ठिबक सिंचनानें त्यांत बरीच काटकसर झाली आहे हें खरें. तरीहि आकाशांतून पडतें त्याहून पुष्कळच अधिक पाणी येथील केळ पिते. हें वरचें पाणी विहिरींतून येतें असें उत्तर कोणीहि बागाईतदार देईल. मग विहिरींत तें कोठून येतें?

ह्याचें उत्तर डोंगराच्या पायथ्याशीं आहे. सुकी, भोकर, अभोरा इत्यादि नद्या सातपुड्यावरून वेगानें खालीं येतात. चढ संपला कीं त्यांचें बळ ओसरतें आणि बरोबर आणलेले दगडगोटे, वाळू, रेती त्या तेथेंच टाकून देतात. हजारों वर्षें असें होत आल्यामुळें डोंगर आणि काळी जमीन ह्यांच्या दरम्यान गोट्यांचा एक लांबच लांब पट्टा तयार झाला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश, अर्थ 'उतार'. पण आज रावेर-यावलकडचा शेतकरीहि तो सहज वापरतो. पावसाळ्यांत पुरानें धांवणारी नदी ह्या पट्ट्यांत शिरली कीं तिचें कितीतरी पाणी जमिनीखालीं जातें आणि तेथून आंतल्या आंत तापीकडे सरकत विहिरींना भेटतें. थोडक्यांत, रावेरची बाग ज्या पाण्यावर उभी आहे तें बागेंत पडत नाहीं. तें वर, रानांत पडतें.

ही गोष्ट आजच्याच तज्ज्ञांना कळली असें मात्र नाहीं. रावेरच्या पुढें त्याच लोहमार्गावर बऱ्हाणपूर लागतें. अकबरानें १६०१ सालीं अशीरगड घेऊन खानदेश मोंगल राज्यास जोडला, आणि बऱ्हाणपुरास सुभ्याचें ठाणें बसलें. फौज, दरबार, विणकर आणि व्यापारी ह्यांनीं शहर फुगलें. पाण्याची ओढ लागली. तापी अगदीं शहराला लागून वाहत होती, पण शत्रूनें नदीचें पाणी नासविलें तर काय करावयाचें, ही त्या काळची चिंता होती. तेव्हां जहांगिराच्या कारकीर्दींत, अब्दुर्रहीम खानखानान येथें असतां, १६१५ सालीं तबकतुल अर्ज नांवाच्या इराणी भूगर्भज्ञानें सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून सरकणारें पाणी वाटेंतच पकडलें. त्यानें त्या झऱ्यांना आडवीं भुयारें काढलीं, त्यांवर ओळीनें विहिरींसारख्या कुंड्या खोदल्या आणि पंपावांचून, रहाटावांचून, केवळ उतारानें शहरांत पाणी आणलें. ह्यालाच कुंडी भंडारा म्हणतात. एकमेकींस जोडलेल्या अशा शंभरांवर कुंड्या तेथें आहेत. त्या इराणी गृहस्थानें बझाडा हा शब्द ऐकला नसेल, पण बझाड्याचें शास्त्र त्याला ठाऊक होतें.

आतां हें पाणी जेथें पडतें त्या रानाकडे वळूं. त्या रानाभोंवतीं एक हद्द आहे. ती कोणीं, केव्हां आणि कशासाठीं आंखली, आणि तिच्या अलीकडच्या व पलीकडच्या माणसांचें काय झालें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हां सातपुडा हा त्यांच्या दृष्टीनें अडचणीचा मुलूख होता. डोंगरांतले भिल्ल कोणाचेंच राज्य मानीत नव्हते. कॅप्टन ब्रिग्जनें प्रथम फौजा पाठवून पाहिल्या. शेवटीं १८२५ सालीं आउट्रम ह्यानें धरणगांवीं भिल्लांचीच पलटण उभारली आणि ज्यांच्यापासून बंदोबस्त करावयाचा त्यांनाच बंदोबस्तास लावलें. पायथ्याच्या गांवांतून राहणारे तडवी हे तर पिढीजात घाटांचे राखणदार. आणखी वर पावरा आणि बारेला. डोंगरउतारावरचें रान तोडावें, वाळल्यावर जाळावें, राखेंत बीं पेरावें, आणि दोन-चार पिकें निघालीं कीं ती जागा रानास परत देऊन दुसरीकडे जावें, अशी त्यांची जुनी रीत. त्या पहिल्या पन्नास वर्षांत सरकारास रानाविषयीं फारशी आस्था होती असें दिसत नाहीं. रान म्हणजे दंगेखोरांना लपण्याची जागा. तें जितकें कमी तितकें बरें, अशीच साधारण समजूत होती.

ती समजूत पालटली ती आगगाडीनें. १८६५ सालीं थळ घाट ओलांडून रेल्वेचा मार्ग देशावर सलग झाला. भुसावळ जंक्शन झालें. तेथून एक फांटा नागपुराकडे गेला आणि दुसरा बऱ्हाणपूर, खंडव्यावरून जबलपुराकडे. १८७० सालीं जबलपुरास दोन्ही टोकें मिळालीं आणि मुंबई-कलकत्ता हा सलग प्रवास शक्य झाला. ह्या पराक्रमाच्या वर्णनांत रुळांखालच्या लांकडाचा उल्लेख क्वचितच येतो. एका मैलास १,७६० ते २,००० स्लीपर लागत. त्याशिवाय पूल, स्टेशनें, तारेचे खांब, आणि कोळसा सर्वत्र मिळूं लागेपर्यंत एंजिनाच्या पोटांतलें जळण. जें रान कालपर्यंत नकोसें होतें तें आतां सरकारच्या डोळ्यांत भरलें, आणि तें झपाट्यानें संपत आहे हेंहि त्याच वेळीं ध्यानीं आलें. १८६५ सालचा जंगलाचा कायदा अपुरा ठरला म्हणून १८७८ सालीं दुसरा झाला, आणि त्याच्या आधारें पुढील वर्षांत सातपुड्याचा मोठा भाग राखीव जंगल म्हणून जाहीर झाला.

'राखीव' आणि 'संरक्षित' ह्या दोन शब्दांतील भेद शहरांतील माणसास सहसा कळत नाहीं. डोंगरांतल्याला तो भोगून कळतो. संरक्षित जंगलांत जें मना केलें नाहीं तें करतां येतें. राखीव जंगलांत ज्याची परवानगी नाहीं तें सर्वच मना. कायद्यांत हक्क नोंदविण्याची तजवीज होती, नाहीं असें नाहीं. जाहीरनामा निघे, निदान तीन महिन्यांची मुदत असे, चौकशीस अधिकारी असे. परंतु ज्या समाजांत एकालाहि वाचतां येत नाहीं आणि ज्याची शेती दर दोन-चार वर्षांनीं जागा बदलते, त्यानें सर्व्हे नंबर दाखवून हक्क मागावा तरी कसा? मुदत संपली, हक्क बुडाला. नकाशावर एक रेघ ओढली गेली आणि रेघेच्या आंत राहणारा माणूस स्वतःच्याच गांवांत परवानगीचा धनी झाला.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. ही रेघ पाण्यासाठीं ओढली नव्हती, पशुपक्ष्यांसाठीं तर नव्हतीच. ती सागासाठीं आणि महसुलासाठीं होती. तरी पण तिच्यामुळें डोंगराच्या उतारावर साग, अंजन, धावडा, तिवस, सालई उभीं राहिलीं, आणि त्यांच्या मुळांनीं माती धरून ठेवली. हेतु एक, फळ दुसरें, असें इतिहासांत वारंवार होतें. ज्यांनीं किंमत दिली तीं माणसें वर राहिलीं आणि ज्यांना लाभ झाला तीं खालीं, हा मात्र योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाहीं.

खालच्या अंगास ह्याच सुमारास वेगळेंच वारें वाहूं लागलें होतें. १९३६ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें अधिवेशन रावेरच्या शेजारीं फैजपुरास भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, गांधीजींच्या हस्तें ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचें उद्‌घाटन, नंदलाल बोस ह्यांच्या देखरेखीखालीं बांबू आणि आसपासच्याच साध्या सामानांतून उभें राहिलेलें टिळकनगर. ह्या खटाटोपाचा मोठा भार उचलला तो रावेर तालुक्यांतील खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरी ह्यांनीं. शेतसारा, खंड आणि कर्ज ह्यांविषयींचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तेथें मंजूर झाला. खेड्याची सुधारणा हा देशाचा प्रश्न आहे, ही जाणीव ह्या भागांत पुढें टिकली ती त्या दिवसांपासून. खिरोद्याहून उत्तरेस मान वर केली कीं डोंगर दिसतो. तरीहि त्या सुधारणेंत डोंगरावरची वाडी बसविण्यास पुढें पुष्कळ काळ जावा लागला.

स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत, मुंबई राज्यांत जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघूं लागल्या. ठेकेदारास वगळून रानाची तोड स्वतः आदिवासी कामगारांनींच करावी, ही कल्पना चांगली होती आणि ती खानदेशांतहि रुजली. नंतर १९६९ सालीं यावलच्या बाजूचें, अनेर आणि सुकी ह्या नद्यांच्या दरम्यानचें सुमारें १७७ चौरस किलोमीटरांचें रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याचें दार म्हणजे रावेर तालुक्यांतील पाल. उन्हाळ्यांत जळगांव-भुसावळचीं कुटुंबें तेथें थंड हवेसाठीं जातात, आणि त्यांना तेथें अस्वल, सांबर किंवा बिबट्याच्या गोष्टी ऐकावयास मिळतात. प्रत्यक्ष दर्शन नशिबाचा भाग. १९७२ सालीं वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि अभयारण्य ह्या शब्दास धार आली. पुढें अभयारण्यांतील व्यापारी तोड थांबली. रानाच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. पण तोडीबरोबर मजुरीहि थांबली, आणि तिच्या जागीं दुसरें काय द्यावयाचें ह्याचा विचार तितक्याच तत्परतेनें झाला नाहीं.

इकडे खालीं विकासाचीं कामें जोरांत होतीं. पालजवळ गारबर्डी येथें सुकी नदीवर धरण झालें. अभोरा आणि मंगरूळ हे प्रकल्पहि ह्याच तालुक्यांतले. हीं धरणें बहुधा नदी डोंगरांतून बाहेर पडते त्याच मुखाशीं आहेत, कारण बांध घालावयास सोयीची जागा तीच. जें पाणी पूर्वीं गोट्यांच्या पट्ट्यांत मुरत असे त्यांतील कांहीं आतां कालव्यांत गेलें. कालव्याखालचा शेतकरी सुखी झाला. त्यापलीकडचा विहीर खोल करूं लागला. पुढें विजेचे पंप आले, मग बोअर आले, आणि पाण्याची पातळी अशी खालीं गेली कीं सरकारी मोजणींत रावेर आणि यावल हे तालुके भूजलाचा अतिउपसा करणाऱ्यांत गणले गेले. १९८२ सालीं तापीवर हतनूरचें एक्केचाळीस दरवाजांचें धरण पुरें झालें. दीपनगरचें वीजकेंद्र, वरणगांवचा शस्त्रास्त्रांचा कारखाना, कालव्यावरची शेती ह्या सर्वांनीं त्यावर हक्क सांगितला. गंमत अशी कीं माणसानें केवळ आपल्या सोयीसाठीं बांधलेल्या ह्या जलाशयावर हिवाळ्यांत दूर देशचीं बदकें येऊं लागलीं, आणि पक्षितज्ज्ञांनीं त्याची पक्ष्यांचें महत्त्वाचें ठिकाण म्हणून नोंद केली. विकासानें निसर्गाची हानीच होते असें म्हणणाऱ्यांनीं एकदां चांगदेवच्या बाजूस जाऊन यावें. आणि त्याबरोबरच हतनूरच्या तळाशीं साचलेल्या गाळाचीहि विचारपूस करावी. तो गाळ म्हणजे वरच्या उघड्या पडलेल्या डोंगरांची माती आहे.

कायद्याची कथा येथून पुढें घट्ट होत जाते. १९८० सालच्या वनसंवर्धन कायद्यानें राखीव वनजमीन दुसऱ्या कामास देण्यापूर्वीं दिल्लीची मंजुरी आवश्यक केली. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गोदावर्मन खटल्यांत 'वन' ह्या शब्दाचा अर्थ विस्तृत केला: कागदावर जें वन आहे तें वनच, मालकी कोणाचीहि असो. १४ फेब्रुवारी २००० रोजीं त्याच न्यायालयानें राष्ट्रीय उद्यानें आणि अभयारण्यें ह्यांतून वाळलेलें, मोडून पडलेलें झाड किंवा गवत काढून नेण्यासहि बंदी केली. ह्या आज्ञा कां झाल्या हें उघड आहे. १९८० पूर्वीं राज्यसरकारें धरणें, कारखाने, वसाहती ह्यांसाठीं वनजमीन खिरापतीसारखी वांटीत होतीं. त्यांचा हात धरावयास कोणी तरी हवें होतें.

परंतु ह्या सर्व आज्ञांचें ओझें कोणावर किती पडतें हें पाहिलें म्हणजे मन अस्वस्थ होतें. एखादें महामंडळ दोनशें मैलांचा कालवा काढूं म्हणतें तेव्हां त्याच्यापाशीं अभियंते असतात, नकाशे असतात, सल्लागार असतात, आणि तोडलेल्या झाडांच्या बदली दुसरीकडे झाडें लावण्यास व रानाचें मोल भरण्यास पैसा असतो. त्याचा अर्ज उशिरा कां होईना पुढें सरकतो. डोंगरांतल्या एका पाड्यास पावसाळ्यांत ओढ्यावर फरशी हवी असते, म्हणजे बाळंतिणीस झोळींत घालून न्यावें लागूं नये. अंगणवाडीस खोली हवी असते, विजेचे चार खांब हवे असतात. त्यासाठीं लागणारी जागा गुंठ्यांत मोजण्यासारखी, पण अर्जाची वाट थोरल्या कालव्याच्याच मार्गानें. ग्रामपंचायत लिहिते, बांधकाम खातें लिहितें, वनखातें शेरा मारतें, कागद परत येतो. मंजूर झालेले पैसे वर्षअखेर परत जातात. सिंहाच्या जाळ्यांत प्रथम उंदीर सांपडावा असा हा प्रकार आहे.

हें संसदेच्या लक्षांत यावयास २००६ साल उजाडलें. त्या सालच्या वनहक्क कायद्यानें आदिवासींवर इतिहासांत अन्याय झाला हें प्रथमच कायद्याच्या भाषेंत मान्य केलें. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देण्याची तरतूद सर्वांस ठाऊक आहे. तिच्यामानानें तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमाकडे फारच थोड्यांचें लक्ष गेलें. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, स्वस्त धान्याचें दुकान, विजेच्या तारा, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, तळीं, लहान पाटबंधारे, रस्ते अशा तेरा प्रकारच्या कामांसाठीं, दर कामास एक हेक्टराहून कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडें पडत नसतील, तर १९८० च्या कायद्याची वाट न धरतां, ग्रामसभेच्या शिफारशीवर जागा देतां येते. लहान कामास लहान वाट, हें तत्त्व त्यांत आहे. मात्र हें उपकलम नांव घेऊन सूट देतें ती १९८० च्याच कायद्यापासून; १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें नांव त्यांत नाहीं. म्हणून राखीव जंगलांतल्या पाड्यास जी सवलत सुखानें मिळावी ती अभयारण्यांतल्या पाड्यास मिळण्याच्या वेळीं पुनः कायदेपंडितांची गांठ पडते. तिढा कोठें आहे हें इतकें स्पष्ट असतां तो सुटण्यास इतका काळ कां लागावा, हें मला तरी कळत नाहीं.

दुसरी बाजूहि दडवून ठेवूं नये. सातपुड्याचें रान गेल्या कांहीं दशकांत बरेंच पातळ झालें आहे आणि अभयारण्य ह्या नांवाच्या आंतहि शेतें झालीं आहेत. जमीन नांवावर होणार अशी नुसती हूल उठली तरी कुऱ्हाडी बाहेर येतात, हा अनुभव केवळ खानदेशचा नाहीं. ह्याचा सर्व दोष पावरा-बारेलांच्या माथीं मारणें शहरांतील माणसास सोपें पडतें. पण सव्वाशें वर्षें ज्या रानांत त्यास चोर ठरविलें तें रान त्यानें आपलें समजून राखावें, ही अपेक्षा कोणत्या न्यायानें करावयाची? जेथें रान गांवाच्या हातीं दिलें तेथें काय घडलें हेंहि पाहण्यासारखें आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा आपल्या रानांतला बांबू स्वतः तोडते, विकते, आणि रानावर पहाराहि स्वतःच देते. सातपुडा म्हणजे गडचिरोली नव्हे. येथें रान विरळ आहे आणि जमिनीची भूक मोठी आहे. तरी एवढें दिसतें कीं राखणदार परका नसला म्हणजे राखण स्वस्तांत होते.

आतां अगदीं अलीकडची गोष्ट. १० मे २०२५ रोजीं भोपाळ येथें मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ह्यांच्यांत तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार झाला. रावेरकरांनीं ह्या योजनेची वाट वर्षानुवर्षें पाहिली होती. येथील खासदार हरिभाऊ जावळे ह्यांनीं तर ती ध्यासासारखी धरली होती आणि तिचा आरंभ पाहण्यापूर्वींच २०२० सालीं ते निवर्तले. पण मला तिच्या आकड्यांपेक्षां तिचें रूप कसें पालटलें तें अधिक बोधक वाटतें. पूर्वीं तापीवर ६६ अब्ज घनफूट पाणी सांठविणारें मोठें धरण योजिलें होतें. त्यानें सतरा हजार हेक्टरांहून अधिक जमीन बाधित होत होती. तींत वनजमीन होती, व्याघ्र प्रकल्पाची जमीन होती, आणि ७३ गांवांतील सुमारें चौदा हजार माणसांवर त्याचा परिणाम होणार होता. तें धरण मागें पडलें. नव्या योजनेंत खरिया-गुटीघाट येथें ८.३१ अब्ज घनफुटांचा लहान बंधारा आहे, आणि तेथून तापीच्या उजव्या, म्हणजे सातपुड्याच्या बाजूनें पहिल्या टप्प्यांत २२१ किलोमीटरांचा कालवा. त्यांतून पुराचें पाणी नेऊन बझाड्यांत मुरवावयाचें. लागणारी जमीन ३,३६२ हेक्टर, आणि एकहि गांव उठत नाहीं, असें दोन्ही सरकारांनीं सांगितलें आहे. सव्वा लाखाच्या आसपास हेक्टर मध्य प्रदेशांत आणि २,३४,७०६ हेक्टर महाराष्ट्रांत त्यामुळें भिजावयाचें आहे.

वाघाच्या रानाची हद्द आड आली म्हणून विकास अडला, असें ह्या धरणाविषयीं बोलतांना लोकांनीं अनेकदां म्हटलें असेल. प्रत्यक्षांत हद्द आड आल्यामुळें अभियंत्यांना पाणी उघड्या जलाशयांत न सांठवितां जमिनीच्या पोटांत सांठविण्याचा विचार करावा लागला; आणि बझाड्याच्या ह्या भागांत तोच मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. उघड्या जलाशयांतलें पाणी खानदेशच्या वैशाखांत उडून जातें, जमिनीखालचें उडत नाहीं. कुंडी भंडाऱ्याच्या कर्त्यानें पोटांतून पाणी काढलें, आतां आपण तेथें तें परत ठेवूं पाहतों. अडवणुकीनें योजना सुधारली असें हें उदाहरण आहे, आणि असलीं उदाहरणें फार नाहींत म्हणून तें नोंदवून ठेवावें.

एक शंका मात्र राहते, आणि ती अभियंत्यांनाहि असणारच. कालव्यांतून येणारें पाणी पुराचें, म्हणजे गढूळ. गोट्यांच्या फटी गाळानें बुजल्या कीं मुरणें थांबतें; बझाडा ही एकदां बंद झाल्यावर सहज उघडतां येईल अशी झडप नाहीं. सुकी आणि भोकर ह्यांच्या वरच्या अंगास रान दाट असलें तर त्या नद्यांचें पाणी तरी पालापाचोळ्यांतून गाळून येईल. तें रान राखणारा माणूस पालच्या पलीकडच्या पाड्यावर राहतो, आणि त्याच्या पाड्याच्या ओढ्यावर फरशी हवी आहे.